सातवा चौकोन

३ मार्च, मंगळवार

सहा काढायचे. सात नाही — सहा!

वाचनालयात बैठक होती. दरवर्षीचा वसंताचा कला आठवडा, अकरा एप्रिलपासून. गाणारा गट, मुलांचं कवितावाचन, आतल्या खोलीत हौशी लोकांची चित्रं — सगळं नेहमीचं. यंदा नवीन काय, तर वाचनालयाची रस्त्याकडची भिंत. ऑक्टोबरात गादी कारखान्याच्या आगीत गेले त्यांचे चेहरे तिच्यावर काढायचे. कल्पना ग्रंथपालांची. काढायचे कुणी, तर चित्रकलेच्या बाईंनी. म्हणजे मी. बावीस वर्षं शाळेत पोरांकडून फुलदाण्या काढून घेतल्या, आता हे.

मी वहीत लिहीत होते — सात चेहरे, प्रत्येकी चार फूट. तेवढ्यात बेकरीवाला उठला. त्याचा धाकटा भाऊ गेला आगीत, चोवीस वर्षांचा. हा माणूस कधी आवाज चढवत नाही. आजही चढवला नाही. म्हणाला, "सहा. शिट्टी नको."

शिट्टी म्हणजे कारखान्याचा स्टोअरकीपर. काम करताना सतत शिट्टी वाजवायचा म्हणून शिट्टी. मागच्या दाराला बाहेरून कुलूप त्यानं लावलं, असं चौकशीत निघालं. पुढून आग आली, सगळे मागे पळाले, दार बंद! किल्ली त्याच्याच हाताशी सापडली. तोही तिथंच मेला. पण मेला म्हणून सुटला थोडाच. आता पोरं त्याला कुलूपवाला म्हणतात.

"माझ्या भावाशेजारी त्याचा चेहरा? रोज दुकान उघडताना मी ते बघू?"

 मी निमूट वहीतला साताचा आकडा खोडला.

मग बेकरीवालाच म्हणाला, "आणि भिंतीवरचा पडदा मुकादमांच्या हातून काढायचा. त्यांनी नुसत्या हातांनी कडी उचकटली म्हणून आम्हाला निदान देह तरी मिळाले." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे बघून. मुकादम म्हणजे कारखान्याचे मुकादम, आमचे हे.

४ मार्च

ह्यांना सांगितलं. ताटावरून उठले. "मला नको त्यात ओढू," एवढंच.

८ मार्च, रविवार

फोटो गोळा करत फिरले. पाच घरं झाली.

कटिंगवाल्या म्हाताऱ्याचा फोटो फक्त कारखान्याच्या ओळखपत्रावर. अर्धा चेहरा शिक्क्याखाली. त्याची सून म्हणाली, "नाक माझ्या नवऱ्यासारखं काढा, तसंच होतं." दोघी जावा एकाच मशीनवर कामाला होत्या, त्यांचा एकत्र फोटो आहे — कुणाच्या तरी लग्नात, दोघी कशाला तरी खदखदून हसताहेत. सासऱ्यांनी तो दिला आणि म्हणाले, "तोडू नका हो दोघींना." पॅकिंगमधल्या मुलीच्या आईनं दारच उघडलं नाही. दाराखालून फोटो सरकवला.

बेकरीवाल्याकडे भावाचे चाळीस फोटो. सगळे टेबलावर मांडून बसला होता. एकही ठरवता येईना त्याला. शेवटी मीच एक उचलला. म्हणाला, "हा? बरं, हा." आणि मग पाव दिला पिशवीभर. नको म्हटलं तरी.

घरी येऊन सगळे फोटो पलंगावर ठेवले. हे खोलीत आले, बघितलं, आणि बाहेरच्या कोचावर जाऊन झोपले.

११ मार्च, बुधवार

शाळा सुटल्यावर फाटकाशी शिट्टीची बायको उभी. शिवणकाम करते. माझे दोन ब्लाऊज अजून तिच्याकडे आहेत, ऑक्टोबरापासून. मागायला गेले नाही — कोणत्या तोंडानं जाणार?

पिशवीतून फोटो काढला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. "बाई, हा घ्या. चष्म्याशिवायचा पण आहे, पण तो नको. चष्मा काढला की ते परके दिसायचे."

तिला कुणी सांगितलेलंच नाही! सगळ्यांकडून फोटो घेतले म्हणून ती आपणहून आली. माझ्या जिभेवर आलं होतं की तुमचा नाही काढायचा. पण हात पुढं झाला. घेतला फोटो. म्हटलं, "छान आहे."

"पोरीची शाळा सोडवली," जाताना म्हणाली. "वर्गात कुलूपवाली म्हणतात. मी म्हटलं घरी बस, काजं-बटणं कर."

ती पोरगी माझ्या वर्गात होती. सातवीत. हाताला वळण होतं तिच्या. जानेवारीपासून बाक रिकामा आहे आणि मी एकदाही चौकशी केली नाही. का केली नाही, ते मला माहीत आहे.

१२ मार्च

भिंत खरवडली. जुने पोपडे काढता काढता नखं तुटली. आत गाणाऱ्या गटाचा सराव चालला होता — एकच ओळ वीस वेळा, वीस वेळा बेसूर. ग्रंथपाल बाहेर येऊन म्हणाले, "बाई, तुमचं खरवडणं त्यांच्यापेक्षा सुरात आहे." हसले मी. किती दिवसांनी.

समोरच्या झाडांना पालवी फुटली आहे. एवढी हिरवी की डोळ्यांना टोचते.

१५ मार्च, रविवार

प्रायमरचा हात झाला. शिडी धरायला ह्यांना नेलं. ग्रंथपालांनीच बोलावलं होतं, म्हणून नाइलाजानं आले. शिडी धरली, पण पाठ भिंतीकडे. येणारा-जाणारा थांबून हात जोडत होता. "मुकादम, बरे आहात ना? हात कसे आहेत?" हे नुसती मान हलवायचे. दोन्ही तळव्यांची कातडी अजून गुलाबी, चकचकीत. मूठ पुरती वळत नाही.

आज लिहूनच टाकते. इथं नाही तर कुठं.

त्या दिवशी आग लागली तेव्हा हे कारखान्यात नव्हते. माझ्याबरोबर होते. शाळेत. प्रदर्शनाच्या फळ्या आल्या होत्या, टेम्पोवाला खोळंबला होता, शिपाई रजेवर. मी चार वाजता फोन केला — "दहा मिनिटं या, मला एकटीला नाही उतरवता येत." आले. कारखाना शाळेच्या मागच्या फाटकापासून पाच मिनिटांवर. चार फळ्या उतरवल्या आणि बंबाची घंटा ऐकली. हातातली फळी तिथंच टाकून पळाले.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य — "कुणी विचारलं तर मी आवारात होतो. ट्रकपाशी. पाळी सोडून गेलो म्हणाले तर नोकरी जाईल."

चौकशीचा माणूस घरी आला होता. भला होता बिचारा. दारातच चपला काढल्या. विचारलं, "मुकादम त्या वेळी कुठं होते, तुम्हाला काही कल्पना?" मी म्हटलं, "कामावर."

एक शब्द! मला वाटलं, यात कुणाचं काय बिघडतं. माणूस आवारात होता काय अन् शाळेत होता काय. धावत जाऊन दार तर उघडलंच ना? हात तर जाळून घेतलेच ना?

पण शिट्टीच्या पोरीचा बाक दिसला की मी दुसरीकडे बघते. खाई त्याला खवखवे.

१९ मार्च, गुरुवार

आज दोरा मारून चौकोन आखले. खाली उतरून लांबून बघितलं तर — सात! हातानं आपोआप सात आखले. मधला रिकामा. बेकरीवाल्याचा भाऊ आणि कटिंगवाला म्हातारा यांच्यामध्ये.

बेकरीवाला सायकल थांबवून मोजत होता. बोटानं, हवेत.

"बाई, सातवा कुणाचा?"

"झाड काढणार आहे तिथं," मी म्हटलं. "पालवीचं."

"छान," म्हणाला. "भावाला झाडं आवडायची."

किती सहज खोटं बोलता येतं मला आता. सवय झाली की कसलंच ओझं वाटत नाही माणसाला.

२२ मार्च, रविवार

कुठून सुरू करू.

दुपारी जावांचे चेहरे रंगवत होते. हसणारे दात फार अवघड — एक रेघ इकडची तिकडे झाली की रडल्यासारखे दिसतात. खालून आवाज आला, "आमचे कुठले, बाई?" शिट्टीची बायको. हातात माझे दोन ब्लाऊज, घडी घालून, कागदात.

खाली उतरले. सांगितलं. सहाच आहेत म्हणून. समितीनं ठरवलं म्हणून. माझ्या हातात काही नव्हतं म्हणून — हेसुद्धा म्हटलं मी!

वाटलं, ओरडेल. रडेल. ती पायरीवर बसली.  मग हळू, मला समजावून सांगावं तसं बोलायला लागली, मुलांना गणित सांगतात ना तसं.

"बाई, मला एक सांगा. कुलूप बाहेरून होतं. बरोबर?"

"हो."

"आमच्या ह्यांनी लावलं असतं, तर त्यांना ठाऊक असतं की दार बाहेरून बंद आहे. किल्ली खिशात असून आतून काय उपयोग? बरोबर?"

"हो."

"मग ते त्या दाराकडे का पळाले? डाव्या बाजूला खिडकी होती. गज सुटलेली. ती त्यांनाच माहीत होती, रोज तिथं उभे राहून डबा खायचे. तिकडे नाही गेले. सगळ्यांना घेऊन दाराकडे गेले. पुढून वाचला तो पोऱ्या सांगतो ना — शिट्टीदादा ओरडत होता, 'मागं चला, मागचं उघडं आहे!'" ती थांबली. "उघडं आहे असं वाटत होतं त्यांना. लावलं दुसऱ्याच कुणीतरी. आणि ज्यानं लावलं तो आत नव्हता."

मी ब्रश धुवायला लागले. धुतलेलाच होता.

"चौकशीत सांगितलंत हे?"

"सांगितलं. साहेब म्हणाले, बाई, घाबरलेला माणूस कुठंही पळतो."

ब्लाऊज हातात देऊन गेली. शिलाई घेतली नाही. म्हणाली, "तुम्ही फोटो तरी घेतलात."

२३ मार्च, सोमवार

विचारलं.

सकाळी. ह्यांच्या शर्टाची बटणं अजून मीच लावते, बोटं वळत नाहीत. तिसरं बटण लावताना विचारलं — "अहो, त्या दिवशी शाळेत आलात, तेव्हा मागच्या दारानं आलात ना?"

"हो. मागूनच जवळ पडतं."

"दार कुणी लावलं?"

छाती हलायची थांबली. माझी बोटं होती तिथं, मला कळलं.

"मालकांचा हुकूम होता," म्हणाले. "फोमचे तुकडे मागच्या दारानं बाहेर जात होते. मी नसलो की कुलूप. दोन मिनिटं का असेना."

"किल्ली?"

"खिशात. दहा मिनिटांसाठी काय स्टोअरला देऊन सही करायची, म्हटलं. तूच म्हणालीस दहा मिनिटं." मग मोठ्यानं, "तूच फोन केलास!"

"कडी उचकटलीत म्हणाले लोक."

"लोक म्हणाले. मी म्हटलं नाही. किल्लीनंच उघडलं. कुलूप तापून लाल झालं होतं. दोनदा किल्ली निसटली हातातून." तळवे पुढं केले. "दार उघडलं तर शिट्टी बाहेर पडला माझ्या अंगावर. दारालाच टेकून होता."

"मग किल्ली त्याच्या हाताशी कशी?"

"पडली असेल."

"पडली की ठेवलीत?"

 खाली बघत राहिले, माझ्या हाताकडे. मी चौथं बटण लावलं. पाचवं लावलं. का लावलं कुणास ठाऊक. मग ते कामावर गेले.

२४ मार्च

काही लिहिवत नाही.

२६ मार्च, गुरुवार

ताप आहे असं कळवलं. भिंतीवर गेले नाही. ग्रंथपाल घरी येऊन गेले. "बाई, घाई नाही, पण घाई आहे," म्हणाले. पंधरा दिवस राहिले. बिचारे पुस्तक घेऊन आले होते, आजाऱ्यानं वाचावं असं विनोदी. ते कोचावर ठेवलं तसंच आहे.

२९ मार्च, रविवार

तीन रात्री झाल्या, हे पलंगावर झोपतात, मी कोचावर. घरात दोघंच, त्यामुळे आळीमिळी गुपचिळी सोपी जाते.

आज बोलले. सगळं तयार करून ठेवल्यासारखं. गेलेले परत येणार आहेत का? नाही. मी मुद्दाम केलं का? नाही. हात जाळून घेतले का? घेतले. शिट्टीला आता नाव ठेवलं काय अन् न ठेवलं काय — मेलेल्याला काय फरक पडतो?

"त्याच्या पोरीला पडतो," मी म्हटलं.

"शाळा बदलेल तिची. लहान आहे, विसरेल."

"आणि बेकरीवाला रोज तुमच्या पाया पडतो ते?"

तेव्हा रडले. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना एकदाच रडताना बघितलंय, आई गेल्या तेव्हा. तोंडावर हात घेता येईना नीट, तळवे दुखतात, म्हणून मनगटं दाबून धरली डोळ्यांवर. मला विषमज्वर झाला होता तेव्हा ह्याच माणसानं एकवीस दिवस मला पाठीवर उचलून न्हाणीत नेलं होतं. हे खोटं नाही. तेही खोटं नाही.

डोळे पुसून म्हणाले, "आणि बोलायचंच झालं तर तूही आहेस त्यात. 'कामावर' कोण म्हणालं?"

हेही खोटं नाही.

१ एप्रिल, बुधवार

शाळेत रजा टाकली. उजाडता उजाडता भिंतीवर गेले. हाक ना बोंब, सातव्या चौकोनाला हात घातला. झाड नाही. चेहरा.

आधी चष्मा रेखाटला. मग त्याच्यामागे डोळे आपोआप आले. ओठ किंचित पुढं काढले, शिट्टी वाजवायच्या बेतात असलेले. फोटोत तसे नाहीत, पण तो तसाच होता. मला आठवतो — पगाराच्या दिवशी ह्यांच्याबरोबर घरापर्यंत चालत यायचा, फाटकातून शिट्टीनंच निरोप घ्यायचा.

नऊ वाजेपर्यंत झाला. सहांपेक्षा चांगला झाला. देवा, सगळ्यांत चांगला तोच झाला!

लोक जमले.  कुणीतरी जाऊन बेकरीवाल्याला सांगितलं असणार. आला. हाताला पीठ. खाली ठेवलेला प्रायमरचा डबा उचलला, रोलर बुडवला. मी शिडीवरून म्हटलं, "थांबा, त्यानं नाही लावलं कुलूप!"

"मग कुणी?"

शिडीच्या पायाशी हे उभे होते. कामावर जाता जाता गर्दी बघून थांबलेले. डबा खांद्याला. बेकरीवाल्यानं मला विचारलं, पण वर बघता बघता त्याची नजर ह्यांच्यावर गेली — आधारासाठी. "मुकादम, तुम्हीच सांगा. तुम्ही होतात तिथं. कुलूप कुणी लावलं?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं.

"चौकशीत काय ते आलंय," हे म्हणाले.

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण शब्द निघायच्या आत रोलर फिरला. कपाळ, चष्मा, ओठ. पांढरं. बेकरीवाला रडत रडत फिरवत होता रोलर, त्याच्याच भावाच्या कानावरसुद्धा शिंतोडे उडाले. आणि मी शिडीला धरून राहिले. शिडीला!

हे गेले कामावर.

२ एप्रिल

शिट्टीची बायको येऊन बघून गेली म्हणे. मी वर्गात होते. ग्रंथपालांनी सांगितलं. पांढऱ्या जागेवर हात लावला फक्त. सकाळीच दुसरा हात दिलेला, रंग ओला होता. तळवा पांढरा झाला तसाच घेऊन गेली.

४ एप्रिल, शनिवार

पुन्हा बैठक. तो पांढरा चौकोन तसाच ठेवायचा, की त्यावर झाड? दीड तास चर्चा. गाणाऱ्या गटाच्या प्रमुखबाईंचं म्हणणं, झाडच बरं, वसंत आहे. डॉक्टर म्हणाले, कबूतर. सुंठीवाचून खोकला गेला, अशा सुरात सगळं. बेकरीवाला कोपऱ्यात. मला म्हणाला, "बाई, माफ करा. तुमच्या कामावर हात टाकला. पण तुम्ही असं का म्हणालात — त्यानं नाही लावलं?"

म्हटलं, "त्याची बायको म्हणते."

"ती म्हणणारच," म्हणाला. मऊ आवाजात. "मी असतो तर मीही म्हटलं असतं."

तिचं नाव पुढं करून मी पुन्हा सुटले. आधी नवरा तिच्या नवऱ्यामागे लपला, आता मी तिच्यामागे. शोभतो जोडा.

शेवटी झाड ठरलं.

७ एप्रिल

काढलं झाड. शाळेतल्या कुठल्याही पोरानं काढलं असतं असं. पाच पांढरे हात देऊनही चष्म्याची काळी रेघ खालून दिसतेच. ती फांदी केली.

११ एप्रिल, शनिवार

झालं.

संध्याकाळी पाचला रस्ता भरला. खुर्च्या कमी पडल्या. आत हौशी लोकांची चित्रं — तीन सूर्यास्त, एक मांजर, डॉक्टरांची बोट. मुलांनी कविता म्हटल्या, एकजण मध्येच विसरला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवून सांभाळून घेतलं. गाणारा गट चक्क सुरात गायला. हवा अशी सुंदर होती की लाज वाटावी.

मग ह्यांना बोलावलं. पांढरा शर्ट. पडद्याची दोरी मूठ वळत नाही म्हणून मनगटाला गुंडाळून ओढली. पडदा पडला. सहा चेहरे. मागून कुणाची तरी आई हुंदका देऊन बसलीच खाली. जावांचा सासरा नुसता हसत होता, दोघींकडे बघून, त्या हसतात म्हणून.

"मुकादम, दोन शब्द," ग्रंथपाल म्हणाले.

मला वाटलं — आता. आता बोलतील. खरंच वाटलं. ओठ हलले. माइकमधून श्वास ऐकू आला. मी पहिल्या रांगेत होते. मनात म्हणत होते, बोला, तुम्हीच बोला, म्हणजे मला बोलावं लागणार नाही.

"दार..." म्हणाले. "दार वेळेवर उघडलं असतं तर..." आणि गळा दाटला. खरोखर दाटला, सोंग नव्हतं. लोक रडायला लागले. बेकरीवाला धावत जाऊन गळ्यात पडला. हे त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. सगळा रस्ता उभा राहिला, टाळ्या!

मीही उभी राहिले. टाळ्या वाजवल्या का, आठवत नाही. वाजवल्या असणार.

गर्दीच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी, ती होती. पोरीला घेऊन आली होती. कशाला आली! पोरगी टाचा उंच करून भिंत बघत होती, एकेक चेहरा, डावीकडून उजवीकडे. झाडापाशी थांबली. मग आईला विचारलं काहीतरी. आईनं तिचं तोंड आपल्या कुशीत वळवलं आणि घेऊन गेली. माझ्या शेजारच्या बाई कुजबुजल्या, "बघा, निर्लज्ज. आलीच शेवटी."

घरी येताना हे म्हणाले, "बरं झालं एकदाचं. आता संपलं." माझा हात हातात घेतला. रस्त्यात, लोकांदेखत. कधी नाही ते.

हात काढून घेतला नाही मी.

१२ एप्रिल, रविवार

सकाळी सातला तिच्याकडे गेले. सांगितलं. दारातच. तिनं आत बोलावलं नाही, शिवीही दिली नाही. "चौकीत हेच सांगाल?" एवढं विचारलं. म्हटलं, तिकडेच निघालेय.

चौकीत आधी माझं खोटं सांगितलं, मग ह्यांचं. किल्ली पडली नव्हती, हेही. हवालदारानं सगळं लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं, "बाई, मुकादम तुमचे कोण लागतात?"

तेही लिहून घेतलं.

आता साडेदहा झालेत. चौकीतले अकराला येतो म्हणाले. ह्यांनी आज आपणहून चहा ठेवलाय. विचारतात, एवढ्या सकाळी कुठं गेली होतीस?